सत्तावीस क्रमांकाचा शिक्का

एमिल बोडनार यांच्या आयुष्यात मान म्हणून जो काही उरला होता, तो वर्षातून एकदाच, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, एल्डन गावच्या जत्रेच्या मैदानावर त्यांच्या वाट्याला येत असे. त्या दिवशी दूरदूरच्या राज्यांतून ऑर्डवे मोटारींचे मालक आपापली गाडी पुसून-चकाकवून इंडियानातील या लहानशा गावी येत. कारण त्या गाड्यांचा जन्म इथला होता. ऑर्डवे बंधूंनी आधी शेतकऱ्यांसाठी घोड्यांच्या गाड्या केल्या, मग १९११ साली पहिली मोटार केली, आणि पुढे एकोणपन्नास वर्षे कारखान्याच्या भोंग्यावर गावातल्या चुली पेटल्या नि विझल्या. १९६० साली एका मंगळवारी भोंगा वाजला, तो शेवटचा. कारखान्याच्या जागी आता माणसाच्या कमरेइतके गवत होते. मात्र गाड्यांवर प्रेम करणारी माणसे कमी झाली नव्हती.

त्या प्रेमाची एक रीत होती. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक तपासणीचा कागद रांगेतून पुढे सरकत असे. ज्याने जे तपासले, त्याने त्यापुढे आपल्या क्रमांकाचा शिक्का मारायचा. आणि गाडी पूर्ण झाली की तो कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांखाली खोचून द्यायचा. मालक मंडळी हे जुने कागद शोधून काढीत, काचेच्या चौकटीत घालीत, आणि शिक्क्याचा धनी हयात असेल तर त्याच्याकडून सही घेत. सत्तावीस क्रमांक एमिल यांचा होता. स्टिअरिंगच्या जोडांची तपासणी त्यांच्याकडे असे. बारा वर्षे ते तंबूत खुर्ची टाकून बसत होते आणि सह्या करीत होते.

यंदाही, १९९२ सालच्या त्या उकाड्यात, ते चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ पांढरा सदरा घालून बसले होते. शेजारी ऑर्विल स्निड हे त्यांचे जुने सोबती. ते सीटांच्या शिवणकामावर होते. तोंड मात्र कोणत्याच खात्यात मावणारे नव्हते.

"ऐकलंस का? डॉक्टर सांगतायत, त्यांची गाडी तीन लाख मैल चालली," ऑर्विल तळलेल्या पोर्कचे सँडविच चावत म्हणाले.

"खरंच चालली!" क्लबचे अध्यक्ष डॉक्टर लुंडक्विस्ट हसत म्हणाले. ते कॅन्ससचे दंतवैद्य होते. "ती माझी पहिली ऑर्डवे हो. हिवाळ्यात हीटर फक्त डाव्या पायाला ऊब द्यायचा. बायको म्हणायची, उजवा पाय कापून टाका, म्हणजे सुखी व्हाल."

"तो हीटर नव्हताच मुळी. इंजिनाची उसासे टाकण्याची जागा होती ती," ऑर्विल म्हणाले, आणि तंबू हशाने भरून गेला.

अशा वेळी मैदानाच्या फाटकातून एक ट्रेलर आत आला. त्यावर एक ऑर्डवे मेरिडियन होती, परंतु ती चालविण्याजोगी नव्हती. तिचे तोंड आत दबले होते, छप्पर एका बाजूने बसले होते, आणि पुढचे उजवे चाक बाहेर वळून पडले होते. ती गाडी पाहून मंडळींचे बोलणे थांबले. पण ते क्षणभरच. मग दोघे-तिघे उठून तिच्याभोवती फिरू लागले.

"अरे, मागचे दिवे शाबूत आहेत! एकोणसाठचे दिवे!"

"बाई, दारावरची पट्टी विकणार का?"

ट्रक चालवत आलेली बाई पंचेचाळीसच्या आसपासची होती. तिने कोणालाही उत्तर दिले नाही. हातातला पिवळा कागद धरून ती सरळ तंबूत आली.

"सत्तावीस नंबर कोण?"

"मीच तो," एमिल म्हणाले आणि सवयीने पेन उघडले. "कुठे सही करू, बाई?"

"सही नको. मला एक विचारायचंय. मी नोरीन टॅलबर्ट, ओहायोहून आले. ही माझ्या वडिलांची गाडी."

तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. एकोणसाठ सालच्या ऑक्टोबरात तिचे वडील भरदिवसा एका साध्या वळणावर रस्ता सोडून ओढ्यात गेले आणि जागीच मरण पावले. गाडी सात महिन्यांची होती. पुतणीच्या लग्नासाठी घेतलेली व्हिस्कीची बाटली गाडीत फुटली होती. त्या वासावरून शेरीफने कागदावर लिहून टाकले की माणूस प्यायलेला होता. वास्तविक तिचे वडील दारूला शिवत नसत. परंतु लेखी कागदापुढे तोंडी गोष्टीचे काय चालणार? तिची आई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत असे, ती शेवटच्या बाकावर बसू लागली. आणि हळूहळू तिनेही ते खरे मानले.

"गाडी तिनं गोठ्यात झाकून ठेवली, तेहेतीस वर्षं," नोरीन म्हणाली. "आता ती चौऱ्याऐंशीची आहे, डॉक्टर म्हणतात फार तर दोन आठवडे. आणि तिनं स्वतःसाठी दफनभूमीत वेगळी जागा घेऊन ठेवलीय. म्हणते, मला त्या दारुड्याशेजारी पुरू नका." तिने तो तपासणीचा कागद त्यांच्यापुढे धरला. "शेजारच्या मेकॅनिकनं या वसंतात खालून बघितलं. म्हणाला, स्टिअरिंगचा एक नटच नाही. नट धरून ठेवणारी पिन कारखान्यातच घालायची राहिली असेल, तर तिथल्या माणसाला विचार. मला लिहून हवंय, मिस्टर बोडनार. तिला वाचून दाखवायला. बाकी काही नको."

एमिल यांनी कागदावरची तारीख वाचली. शुक्रवार, सत्तावीस फेब्रुवारी १९५९.

त्या तारखेचा एक फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला होता. त्या संध्याकाळी एल्डन हायस्कूलचा बास्केटबॉलचा सामना होता, आणि इंडियानात त्या सामन्यांच्या दिवसांत प्रार्थना सोडून बाकी सगळे थांबत असे, असे नाही. प्रार्थनाही थांबत असे. एमिल यांचा मुलगा अँडी त्या संघात होता. अँडी आता ॲरिझोनात राहत होता आणि नाताळात एकदा फोन करीत असे. त्या फोनवर बापलेकांना बोलायला हाच एक सामना होता.

"आरसा आणि दिवा आणतो," एमिल म्हणाले. त्यांच्या गाडीत ते दोन्ही नेहमी असत.

ट्रेलरशेजारी पुठ्ठा अंथरून ते मोठ्या कष्टाने खाली सरकले. कारखान्यात काम असेच होते. स्टिअरिंगच्या जोडावर एक खाचांचा नट, बोल्टला आरपार भोक, आणि नट सैल होऊ नये म्हणून त्या भोकातून घातलेली कॉटर पिन. पिना घालणारा माणूस वेगळा होता. दिवसाकाठी एखादी पिन त्याच्याकडून राहून जात असे. आणि ती राहिलेली पिन पकडण्यासाठीच एमिल यांना आरसा, दिवा आणि शिक्का दिला होता. त्यानंतर गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून काळा लेप फवारीत.

आरशात बोल्ट दिसला. नट केव्हाच गळून गेला होता. बोल्टाचे भोक त्या काळ्या लेपाने गच्च बुजलेले होते, आणि त्यात पिनेचा तुकडाही नव्हता. पिन तुटली असती तर तिचे खोड आत राहिले असते. लेप बसला त्या वेळीच ती जागा रिकामी होती.

ते बराच वेळ खालीच राहिले. ऑर्विल वाकून त्यांच्या तोंडाशी आले.

"एमिल, ऐक माझं," ते कुजबुजले. "तू काही बोलू नकोस. सगळेच करायचे रे. फोरमन स्वतः करायचा. म्हण, गंज आहे, दिसत नाही. म्हातारीला काय, ती मरायलाच टेकलीय."

एमिल बाहेर आले. गुडघे झटकले. नोरीनकडे न पाहता ते म्हणाले,

"तेहेतीस वर्षांचा गंज आहे, बाई. नक्की काही सांगता येत नाही."

तिने मान हलवली. इतक्या वर्षांत लोकांकडून असेच उत्तर ऐकण्याची तिला सवय असावी. कागदाची घडी करून ती ट्रकच्या दारापर्यंत गेली. तेवढ्यात दिवे मागणारा गृहस्थ पुढे झाला. त्याच्या हातात पाना होता.

"बाई, तुम्हाला आता हिचा काय उपयोग? निदान दिवे तरी..."

"हो, घ्या," नोरीन थकून म्हणाली. "सगळंच घ्या. मला ही परत न्यायची नाहीये."

गृहस्थाने पाना लावला. पहिला स्क्रू करकरला. तो आवाज एमिल यांच्यापर्यंत पोहोचला. ते जवळजवळ धावत गेले आणि त्यांनी त्या माणसाचे मनगट धरले.

"हात लावू नका. ती पुरावा आहे."

"कशाचा पुरावा?" नोरीनने विचारले.

"माझा." त्यांना दम लागला होता. "पिन कधी घातलीच नव्हती, बाई. भोक लेपानं बुजलंय. आणि मी ते पाहिलं नाही, कारण मी तिथं नव्हतोच. माझ्या पोराचा सामना होता. दुपारची पाळी सुरू होताच मी साठ कोऱ्या कागदांवर शिक्के मारून ठेवले आणि पाच वाजता निघून गेलो. फोरमननं पाहिलं. वर म्हणाला, अँडीला सांग, फ्री थ्रो चुकवू नकोस."

ऑर्विल खाली पाहू लागले. नोरीनच्या चेहऱ्यावर राग येईल असे एमिल यांना वाटले होते, आणि तो यावा अशी त्यांची इच्छाही होती; पण ती फक्त त्यांच्याकडे पाहत राहिली, एखादे अक्षर लागत नसताना माणूस पाहतो तशी.

"कोण जिंकलं?" शेवटी तिने विचारले.

"काय?"

"सामना. कोण जिंकलं?"

"आम्ही," एमिल म्हणाले. "एका गुणानं. शेवटचे दोन फ्री थ्रो अँडीनं घातले."

"तेही लिहा," ती म्हणाली. "आई विचारेल, मग तो माणूस होता कुठे? तिला खोटं सांगायचं नाहीये मला. खोटं खूप झालं."

तंबूतल्या मेजावर बसून त्यांनी लिहिले. शाळा आठवीत सुटलेली, त्यामुळे वेळ लागला. पिन, भोक, लेप, साठ कागद, पाच वाजता, एक गुण, दोन फ्री थ्रो. "हा माणूस प्यायलेला नव्हता" असे वाक्य त्यांनी लिहिले, मग खोडले, कारण ते त्यांनी पाहिले नव्हते; त्याजागी लिहिले की "स्टिअरिंग सुटल्यावर न प्यायलेला माणूसही गाडी रस्त्यावर ठेवू शकत नाही." खाली सही केली. खिशातला पितळी शिक्का काढला, क्षणभर हातात धरला, आणि उमटवला नाही.

नोरीनने कागद वाचला, पाकिटात घातला. आभार मानले नाहीत, आणि मानण्यासारखे काही नव्हतेही. मोडकी गाडी पुन्हा साखळीने आवळून ती आली त्या रस्त्याने निघून गेली. मैदानावर धूळ उडाली, आणि बसली.

आता मंडळी एमिल यांच्याकडे पाहत होती, आणि ते पाहणे गेल्या बारा वर्षांसारखे नव्हते. ज्यांच्या चौकटींत सत्तावीसचा शिक्का होता, त्यांनी त्या चौकटी पालथ्या करून ठेवल्या होत्या. एवढ्यात डॉक्टर लुंडक्विस्ट आपला कागद घेऊन आले. काच त्यांनी काढली होती.

"एमिल, साठ म्हणालात ना?" त्यांच्या आवाजात आता हसू नव्हते. "ही मी गेल्या वर्षी घेतलेली दुसरी मेरिडियन. सत्तावीस फेब्रुवारी. नात शेजारी बसून आलीय कॅन्ससपासून."

एमिल यांनी पुठ्ठा उचलला, आरसा नि दिवा घेतला आणि त्या निळ्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या गाडीखाली शिरले. त्यांचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. वर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी लिंबूपाणी पीत उभी होती आणि आजोबांना विचारत होती, हे काका खाली काय शोधतायत. आजोबांची नजर त्या बुटांवर खिळली होती.

फार वेळ गेला. एक जोड त्यांनी पाहिला, दुसरा पाहिला, मग पुन्हा पहिला पाहिला. तेहेतीस वर्षांपूर्वी या एका कामाला त्यांना प्रत्येक गाडीमागे वीस सेकंद मिळत.

"आहे," खालून आवाज आला. "दोन्ही आहेत."

डॉक्टरांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. एमिल बाहेर आले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या तेलाचे डाग पडले होते. त्यांनी मैदानावर उभ्या असलेल्या गाड्यांवरून नजर फिरवली, आणि मग मैदानापलीकडच्या रस्त्यावरून, जिथे दुपारची रहदारी आपापल्या वेगाने चालली होती.

"ऑर्विल," ते म्हणाले, "क्लबच्या सभासदांची यादी काढ. सगळ्यांचे फोन नंबर हवेत."

"सगळे थोडेच सभासद आहेत, लेका? कित्येक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या."

"कशा गेल्या," एमिल म्हणाले, "तेही विचारायला लागेल."

आणि ते पुठ्ठा ओढीत पुढच्या गाडीकडे गेले. साठांपैकी अजून अठ्ठावन्न राहिल्या होत्या.