उल्मच्या टेकडीवरचं भांडण

मनाशे झिराडकर रिटायर झाले आणि ज्युलिएटच्या स्वयंपाकघराची घडी विस्कटली. एका सकाळी त्यांना दिसलं की चहाच्या डब्याचं झाकण चुकीच्या बाजूनं उघडतं. मग डबा बदलला. डब्यासाठी फळी खाली आली. फळी खाली आली म्हणून किटली हलली. लंडनच्या इल्फर्ड भागातल्या त्या घरात इतकी वर्षं डोळे मिटून चहा करणारी ज्युलिएट स्वतःच्याच ओट्यापुढं पाहुण्यासारखी उभी राहिली.

"अहो, साखर कुठं ठेवलीत?"

"हात आपोआप जातो तिथं."

"माझा हात जुन्या जागी जातो."

"मग हाताला शिकवावं लागेल," असं म्हणून ते खुशाल हसले.

हे सगळं चाललं ते एका उन्हाळ्यापुरतं. दिवाळी उलटली, थंडी सुरू झाली, आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तसे मनाशे गप्प होत गेले. पुढच्या खोलीत खिडकीशी बसायचे, मांडीवर पेपर उघडा, नजर रस्त्यावर. पूर्वी ज्युलिएट त्यांच्या बडबडीला कंटाळायची. आता तिला वाटू लागलं, या माणसानं निदान मिठाची बरणी तरी हलवावी.

बडबड्या माणसाशीच तर तिनं लग्न केलं होतं. सत्तर साली ती पूर्व लंडनमधल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. हॉस्पिटलसाठी ट्रॉल्या बनवणाऱ्या कंपनीचा एक किडकिडीत माणूस वॉर्डात आला, खाली वाकून चाकं बघत बसला, आणि मान वर करून त्यानं तिला विचारलं, "ही ढकलताना तुमचं मनगट दुखतं का?" ती मूळची भायखळ्याची, तोही तिथलाच निघाला, दोघंही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, दोघांच्या घरी मराठी. पण ते सगळं नंतर कळलं. आपलं मनगट दुखतं का, हे तोवर तिला कुणीच विचारलं नव्हतं. ना मुंबईत, ना लंडनमध्ये.

त्याआधी मनाशे चार वर्षं जर्मनीत होते. उल्म नावाच्या गावात डिझाइनची एक शाळा होती. शाळा म्हणायची, पण शिकायला जगभरची मोठी मुलं. खुर्ची, कप, रेडिओ, रस्त्यावरची पाटी, असल्या रोजच्या वस्तू लोकांना सोप्या कशा होतील, एवढाच तिथला ध्यास. चौसष्ट साली मनाशे तिथं निघाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी जेवण सोडलं होतं. "आपल्यातला माणूस जर्मनीत? एवढं सगळं होऊन?" मनाशेंनी सांगून पाहिलं की हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून ज्या भावाबहिणीला ठार मारलं, त्यांच्याच मोठ्या बहिणीनं आणि तिच्या साथीदारांनी ही शाळा उभी केलीय, त्या दोघांच्या आठवणीत. वडिलांनी तोंड फिरवलं. पुढं बरीच वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं.

एवढं ज्युलिएटला ठाऊक होतं. शाळा अडुसष्ट साली बंद पडली आणि मनाशे डिप्लोमा अर्धवट टाकून लंडनला आले, हेही ठाऊक होतं. बाकी त्या दिवसांवर मनाशेंनी पडदा टाकला होता. "उल्मला माझा एक मित्र होता, हाइनर," असं लग्नानंतर ते एकदाच म्हणाले होते, आणि त्या 'होता'वरून ज्युलिएट तो वारला असं धरून चालली होती.

दोन हजार पाचच्या वसंतात त्यांची मुलगी ईडन घरी आली. लंडनमध्येच वाढलेली, मोडकं मराठी बोलणारी ती तिथल्याच पिनर भागातल्या एका शाळेत मुलांना डिझाइन आणि टेक्नॉलॉजी शिकवायची. तिनं स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला.

"मम, हा बघ. डॅडची स्कूलचा वेबसाइट. बिल्डिंगला फिफ्टी इयर्स झाला म्हणून सगळा जुने फोटो टाकलाय."

ज्युलिएटनं चष्मा लावला. कँटीनमधला लांबलचक वळणदार बार, त्याला टेकलेली पोरं-पोरी. मध्ये काळे कुरळे केस, तोंड उघडं, हात हवेत, काहीतरी पटवून देताना पकडलेले मनाशे. त्यांच्या खांद्यावर हात टाकून एक उंच पोरगा हसत होता.

"हा हाइनर," ईडन म्हणाली. "खाली नाव लिहिलाय. मी त्याला ईमेल केली. तो रिप्लाय दिला."

"अगं, तो गेला ना?"

"कुठे गेला? स्टुटगार्टजवळ राहतो. फर्निचर करतो."

ज्युलिएट तशीच पुढच्या खोलीत गेली. "अहो, तुमचा तो मित्र, हाइनर. तो जिवंत आहे!"

मनाशेंनी पेपरची घडी घातली. "मी कधी म्हटलं, मेला म्हणून? मेला नाही. त्यानं हात वर केला."

मग त्या दुपारी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, ते बोलले. सरकारनं शाळेला बजावलं होतं, गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात सामील व्हा, नाहीतर पैसे बंद. आत शिक्षकांचंही एकमेकांत जुळत नव्हतं. सभेवर सभा झाल्या. मनाशेंचं म्हणणं, सामील होऊ, वाकू, पण शाळा वाचवू. आपण आत राहिलो तर पुढं सुधारता येईल. हाइनरचं म्हणणं, वाकून जगण्यापेक्षा आपणच शाळा बंद केलेली बरी. शेवटी मतं घेतली. ज्यानं मनाशेंना जर्मन शिकवली, ज्याच्या खोलीत ते दोन वर्षं राहिले, त्यानं सगळ्यांदेखत बंदच्या बाजूनं हात वर केला. त्या हाताकडं मनाशे बघत राहिले. आठवडाभरात त्यांनी सामान बांधलं.

"उरलेलं काम पुरं करून डिप्लोमा घेता आला असता," ते म्हणाले. "पण त्याच्यासमोर बसवेना."

ज्युलिएटला नवऱ्याची कीव आली आणि रागही आला. एका वर गेलेल्या हातामुळं एवढी वर्षं! तिनं ईडनकडून नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी, मनाशे फिरायला गेले असताना, स्वतःच फोन लावला. पलीकडून खरखरीत आवाजात इंग्रजी आलं. आपण कोण हे तिनं सांगितलं.

"मिसेस झिराडकर," हाइनर म्हणाला, "तो अजून चुकीचंच बोलतो का?"

"सध्या काहीच बोलत नाहीत," ज्युलिएट म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

"मी येतो," तो म्हणाला.

मेमधल्या एका रविवारी तो आला. ज्युलिएटनं मनाशेंना सकाळी एवढंच सांगितलं की जेवायला एक माणूस आहे. बेल वाजली तेव्हा ती मुद्दामच कढईपाशी थांबली. दार मनाशेंनी उघडलं.

काहीच ऐकू येईना. तिनं गॅस बारीक केला. मग एक जर्मन वाक्य आलं, लांब, तक्रारीच्या सुरात. त्यावर मनाशेंचं एक. मग दोघांचं एकदम. ज्युलिएट हातात डाव घेऊन पॅसेजमध्ये आली. दारात कानात यंत्र घातलेला, पांढऱ्या भुवयांचा उंच म्हातारा पाठीवरची सॅक न उतरवता ओरडत होता, आणि तिचा नवरा त्याच्या छातीशी बोट नेऊन त्याहून मोठ्यानं ओरडत होता. अंगठ्यावर हातोडी बसली की निघणारा एखादा शब्द सोडला तर तिनं त्यांच्या तोंडून जर्मन कधी ऐकली नव्हती. चेहरा लाल झाला होता. डोळे चमकत होते. कँटीनमधल्या त्या फोटोतला पोरगा तिला समोर दिसला, फक्त केस गेलेले.

"अहो, त्यांना आत तरी घ्या," ती म्हणाली. "मग भांडा."

हाइनर हात धुवायला गेला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "पहिलं वाक्य काय म्हणाले हो ते?"

"म्हणाला, दाराची मूठ फार खाली बसवलीयस."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, ज्युलिएटच्या उंचीला बसवलीय," मनाशे म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले. एवढी वर्षं ते दार उघडताना आपला हात कधीच वर उचलावा लागला नाही, हे ज्युलिएटच्या तेव्हा लक्षात आलं.

जेवायला नारळाच्या दुधातली मासळी होती. हाइनरनं पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

"तुमच्या जेवणाची अशी चव असते होय," तो म्हणाला. "यानं मला ओटचं काहीतरी खाऊ घातलं होतं. मलिदा."

"ओटचा मलिदा?" ज्युलिएटला हसू आवरेना. पोहे, गूळ, नारळ, वर फळं. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं करायचा तो मलिदा. तो कुणी ओटचा करतं होय?

"नारळ मिळाला नव्हता," मनाशे ताटात बघत पुटपुटले. "पोहेही."

हाइनर मात्र हसला नाही. त्यानं सांगितलं, शाळेच्या शेजारी टेकडीवर एक जुना किल्ला होता. हिटलर आला त्या पहिल्या वर्षांत तिथं विरोधकांना डांबलं होतं, जमिनीखाली, ओल्या अंधारात. मनाशेंना हे तिथं गेल्यावर कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओट, साखर, सफरचंद, बदाम, जे मिळालं ते कालवून ते टेकडीवर जाऊन बसले. हाइनर मागोमाग गेला.

"यानं हिब्रूत काहीतरी म्हटलं, मग तुमच्या भाषेत काहीतरी. माझ्या बापानं तो युनिफॉर्म घातला होता, मिसेस झिराडकर. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. यानं माझ्या हातावर तो ओला गोळा ठेवला आणि म्हणाला, खा. फार वाईट लागला." त्यानं नाक शिंकरलं. "मी सगळा खाल्ला."

मनाशे माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत बसले होते. ज्युलिएटनं न विचारता दोघांच्या ताटांत आणखी भात वाढला. एवढी वर्षं एका छपराखाली राहून या माणसातला हा माणूस आपल्याला भेटलाच नव्हता, असं तिला वाटलं, आणि त्यांच्यावर चिडावं की त्यांना जवळ घ्यावं, ते कळेना.

दोघांना आपल्या वर्गात न्यायची कल्पना ईडनची. "माझा मुलांना रियल डिझायनर बघायचंय," ती म्हणाली. मंगळवारी ती गाडी घेऊन आली आणि सगळे पिनरला गेले. तेरा-चौदा वर्षांची पोरं, अर्धी गुजराती, काही गोरी, काही तमिळ. ज्युलिएट मागच्या बाकावर बसली.

मनाशेंनी शाळेची गोष्ट सुरू केली: ती बहीण आणि तो भाऊ, टेकडीवरची साधी काँक्रीटची इमारत, तीन फळ्यांचं आणि एका दांड्याचं स्टूल, जे बसायलाही चालायचं आणि उलटं करून सामान न्यायलाही. पोरं ऐकत होती. मग गोष्ट अडुसष्टपाशी आली आणि हाइनर मध्ये बोलला. मनाशे त्याच्यावर बोलले. दोन म्हातारे वर्गापुढं भांडताहेत म्हटल्यावर पेंगणारी पोरंही ताठ बसली.

"मिस, आपण वोट घेऊ या?" पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीनं विचारलं.

ईडननं आईकडं पाहिलं. पण हात वर जायला लागलेही होते. शाळा चालू ठेवायला हवी होती, असं म्हणणारे जवळजवळ सगळे. बंद केली ते बरोबर, असं म्हणणारे मोजून तीन, तेही हसत. हाइनर आपल्या बुटांकडं बघत उभा राहिला.

झालं, ज्युलिएटच्या मनात आलं, आता हे त्याला इल्फर्डपर्यंत टोचत नेतील.

मनाशे वर्गाकडं बघत होते. इतकी वर्षं त्यांना हवी होती ती मतं समोर होती. त्यांनी घसा साफ केला.

"खाली करा हात," ते म्हणाले. "तुम्ही नीट ऐकलं नाही. ती शाळा कुणाच्या नावानं होती? सत्तेला नाही म्हणाले म्हणून जे मेले, त्यांच्या. मग सत्तेनं त्या शाळेला सांगितलं, वाका. तिथल्या मुलांनी काय म्हणायला हवं होतं? मला जायला लंडन होतं. याच्या घरी युनिफॉर्म घातलेला बाप बसला होता, याचं घर म्हणजे ती शाळाच. आपलं एकुलतं एक घर बंद करायला यानं हात वर केला. तुमच्यातल्या किती जणांना जमेल?"

ज्युलिएटला दिसलं, हे ते वर्गाला सांगत नव्हते. आपणच आत्ता पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"मूर्खपणा," हाइनर म्हणाला. "शाळा वाचवायला हवी होती. मुलांचं बरोबर आहे."

"तू गप्प बस. तुला काय कळतं?"

"मी तिथं होतो!"

"मग मी कुठं होतो?"

वर्गात एकच हशा पिकला. वेण्यांची मुलगी पुन्हा वोट, पुन्हा वोट, म्हणून ओरडत होती, तेवढ्यात घंटा झाली. ईडन पाठ फिरवून उगाचच फळा पुसत होती.

परतताना ज्युलिएट पुढं बसली. मागं थोडा वेळ जर्मन चालली, मग थांबली. तिनं वळून पाहिलं तर दोघं झोपले होते, तोंडं उघडी, हाइनरचं डोकं मनाशेंच्या खांद्यावर.

"मम," ईडन दबक्या आवाजात म्हणाली, "आता ते फ्रेंड झाला का?"

"विचार उठवून. परत सुरू होतील."

दोन दिवसांसाठी आलेला हाइनर दहा दिवस राहिला. त्यानं आणि मनाशेंनी मिळून शेडचं दार काढलं, ते नेमकं कुठल्या बाजूला उघडावं यावर दोन दुपारी घालवल्या, आणि शेवटी ज्युलिएटनं कुठली बाजू ते सांगितलं. तो गेल्यावर तिला वाटलं, घर पुन्हा गप्प होईल. पण गुरुवारी मनाशे बाहेर पडले आणि उल्मची तिकिटं घेऊनच परतले, तिचंही.

"किती दिवसांसाठी?" तिनं विचारलं.

"परतीचं अजून काढलं नाही. हाइनर तिथं येतोय, त्याला बरंच काही समजावून सांगायचंय."

ज्युलिएटनं ईडनला फोन करून झाडांना पाणी घालायला सांगितलं, आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढायला नवऱ्याला हाक मारली.