कुंडलिकाचे तीन कोरडे मैल

पाटाच्या नोकरीत कुंडलिकाला एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत त्याच्या तीन मैलांत काहीसुद्धा घडलं नव्हतं. नोकरीवर गदा आली ती नेमकी याच कारणानं.

तीन मैल म्हणजे पणदऱ्याच्या पुलापासून खाली बारामतीच्या अंगाला. रोज दिवस उगवायला कुंडलिक पाटाच्या भरावाच्या पायथ्यानं अनवाणी चालत निघायचा. खेकडे नि घुशी भरावात बिळं पाडतात, बिळातून पाणी पाझरतं, आणि चार दिवस तिकडं कुणी बघितलं नाही की पाट फुटून खालची रानं वाहून जातात. पाझर डोळ्यांना दिसायच्या आधी कुंडलिकाच्या तळपायाला कळायचा. कळला की काळी चिकणमाती आणायची, टाचेनं ठोकून बीळ बुजवायचं नि पुढं चालू लागायचं. बुजवलेल्या बिळाचं कौतुक कोण करणार? ते दिसतच नाही.

मंदीचं साल होतं. वरून माणसं कमी करायचा हुकूम आला होता. पाटाच्या कचेरीतले कारकून मोहनराव यांनी चष्मा पुसून कागद वाचून दाखवला. "या तीन मैलांत एकोणीस वर्षांत पाट एकदाही फुटलेला नाही. सबब, येथे राखणदाराची गरज दिसत नाही."

कुंडलिकानं आधी कागदाकडं, मग मोहनरावांकडं बघितलं. "म्हंजे फुटला असता तर ऱ्हायलो असतो?"

"दोनतीनदा फुटला असता तर मुकादमसुद्धा झाला असतास," मोहनराव म्हणाले. जीभ तिखट असली तरी माणूस मायाळू. "हे बघ, बेस्तरवारी मोठे साहेब येतायत. इंदापूरला जाता जाता तुझा भराव चालत बघणार आहेत. तेव्हा आपल्या कामाची किंमत तूच त्यांना सांगायची. मुद्देसूद."

"मुद्देसूद म्हंजे?"

"म्हणजे रडायचं नाही, आणि लेकराबाळांची नावं घ्यायची नाहीत."

कुंडलिकाकडं होते ते दोन्ही मुद्दे असे तिथंच संपले.

घरी जाताना सावळारामतात्या भेटले. त्यांचा ऊस भरावाच्या अगदी खाली, त्यामुळं पाटाबद्दल बोलायचा पहिला मान ते स्वतःकडं ठेवत.

"आरं, एक बीळ ठिव की उघडं! सायबाच्या म्होरं पानी उसळलं की तू उडी टाक. सायेब सोता म्हनंल, ह्यो गडी पायजेलच."

"तात्या, बीळ दिसल्यावर न बुजवता घरी गेलो तर मला घास जायाचा न्हाय."

"मग ऱ्हा उपाशी." तात्या चार पावलं गेले आणि परत आले. "आन हे बघ, सोडलंसच तर माझ्या रानापाशी नगं. फुडं कुठंतरी सोड."

बनाबाईनं, म्हणजे कुंडलिकाच्या बायकोनं, हे सगळं भाकरी थापता थापता ऐकलं. तिच्या मते पुरुषांनी विचार उगाच लांबवला होता. साहेब काही तीन मैल निरखून बघणार नाही, माणूस बघणार. आणि या माणसाचे पाय? एकोणीस वर्षांच्या चिखलानं नि उन्हानं नांगरलेले. "ह्ये पाय घिऊन सायबाम्होरं हुबं ऱ्हाणार व्हय? अवं, मानसं काय म्हंतील!"

ती भावाकडून, बिरदेवाकडून, वहाणा मागून घेऊन आली. इंदापूरच्या बाजारातल्या त्या वहाणा बिरदेवानं लग्नकार्याशिवाय कधी पायात घातल्या नव्हत्या. त्यांची करकर अर्ध्या गल्लीला ऐकू जायची. बिरदेवाचा पाय जरा लहान, पण बनाबाईनं तेल लावून, ओढून, कुंडलिकाचे पाय त्यात बसवलेच. मग लांब सरकून बघितलं. नवरा तिला एकदम वरच्या हुद्द्यावरचा दिसायला लागला.

बेस्तरवारी कुंडलिकानं पहाटेपासूनच वहाणा चढवल्या. सवय व्हायला नको? करकर करत तीन मैलांची फेरी झाली. कानात बोळे घालून भजनाला बसावं तसं काहीतरी वाटत होतं खरं, पण सगळं कोरडं होतं. आजच्या दिवशी तरी खेकड्यांनी इज्जत राखली म्हणून तो खूश झाला.

साहेब मराठीच होते, पण टोपी घातली की इंग्रज वाटायचे. पायात बूट, मागं छत्री धरून मोहनराव. चालता चालता त्यांनी विचारलं, "काय कुंडलिक, भराव कसा आहे?"

"तिन्ही मैल कोरडं हाय सायेब. सकाळीच फिरलोय."

"छान. मग तू इथं करतोस काय?"

कुंडलिकानं जे खरं तेच सांगून टाकलं. "काय हूं देत न्हाय, सायेब."

साहेब हसले. "आता जे झालंच नाही, ते मी बघायचं कसं?"

मोहनरावांनी छत्रीमागून डोळे वटारले, खुणा केल्या, पण कुंडलिकाचं सगळं लक्ष पायांत. वहाणांनी दोन्ही टाचा सोलून काढलेल्या. तात्यांच्या उसाशी आल्यावर त्याच्यानं राहवेना. "सायेब, हुकूम आसंल तर ह्या काढतो. लई चावत्यात."

वहाणा हातात घेऊन तो चार पावलं चालला असेल. पाचवं पाऊल गार लागलं.

तो तिथंच थांबला. सकाळी आपण इथूनच गेलो होतो. मघाशीच तोंड वर करून कोरडं हाय म्हणालो. आता गप्प बसलं तर साहेब घटकाभरात इंदापूरच्या वाटेला लागतील, मग गुपचूप येऊन बुजवता येईल. कुणाला कळायचंसुद्धा नाही. कुंडलिकानं पाय उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. पायाला कळलं होतं. त्याला कसं फसवणार?

"सायेब, मी खोटं बोललो. हितं पाझर हाय."

साहेब त्याच जागी बूट रोवून उभे होते. खाली वाकून त्यांनी बघितलं. "मला तर कोरडंच दिसतंय."

कुंडलिकानं बसून हातानं उकरलं. हात मनगटापर्यंत खाली गेल्यावर ओला चिखल लागला आणि बोटाला झोंबून एक खेकडा वर आला. तेवढ्यात धोतराचा काचा मारून तात्या उसातून धावत आले. उकरलेली ओल बघताच त्यांचा तोल सुटला.

"कुंडलिका! माझ्या रानापाशी सोडू नगं म्हनलं हुतं की न्हाय तुला?"

मोहनरावांनी छत्रीत तोंड लपवलं. साहेबांचं हसू मावळलं.

"म्हणजे बीळ मुद्दाम ठेवलं होतं? मला दाखवायला?"

तात्यांना आता आपली जीभ गिळावीशी वाटत होती. कुंडलिकाला मात्र, पहिल्यांदाच, मुद्दा सापडला.

"मुद्दाम सोडलं आसतं सायेब, तर आधी कोरडं हाय म्हनून कशाला बोललो असतो? मी सकाळी हितनंच ग्येलो. तवा पायात ह्या व्हत्या." कान धरून चोर हजर करावा तशा त्यानं वहाणा पुढं केल्या. "ह्यास्नी काय बी कळत न्हाय."

साहेबांनी त्या वहाणा उलटसुलट करून बघितल्या. मग दगडावर बसले आणि बुटाचे बंद सोडायला लागले. मोहनराव "साहेब, काटे आहेत" म्हणेपर्यंत मोजेही निघाले. वर्षानुवर्षं ऊन न बघितलेले, मुळ्यासारखे पांढरे पाय मातीवर आले.

"काही कळत नाही," चार पावलं टाकून साहेब म्हणाले.

"पाय टाकू नगा सायेब. ठिवा. दमानं."

साहेबांनी पाय ठेवला. उचलला. पुढं ठेवला. मग डोळे मिटले आणि तिसऱ्या पावलाला जागीच थबकले.

"थंड आहे रे इथं."

"व्हय," कुंडलिक म्हणाला. "येवढंच माझं काम हाय."

मग तो भराव चढून पलीकडं पाटाच्या कमरेएवढ्या पाण्यात उतरला, अंगठ्यानं चाचपून बिळाचं तोंड शोधलं आणि बुजवायला लागला. मातीची पाटी वाहायला खुद्द तात्या होते. साहेबांना इंदापूरला पोचायला चांगलाच उशीर झाला. कारण पाय धुवायचे सोडून ते आणखी दोनदा त्या जागेवरून चालून आले.

महिन्यानं कागद आला. कुंडलिकाची जागा कायम. साहेबांनी शिफारस लिहिताना शेवटी एक ओळ घातली होती, "हा इसम अनवाणी काम करतो, हे विशेष." कागद आणखी वर गेला. तिथल्या कुणी मोठ्या मनाच्या साहेबाला ती ओळ वाचून दया आली आणि कुंडलिकासाठी सरकारी बुटांचा जोड मंजूर झाला. कामावर सोबत असलेच पाहिजेत, असा हुकूमही वर जोडलेला.

आता कुंडलिक रोज सकाळी बुटांचे बंद एकमेकांना बांधून जोड गळ्यात अडकवतो. एका बुटात काळी माती, दुसऱ्यात भाकरी. तात्या बांधावरून हाक घालतात, "काय कुंडलिका, बूट बसलं का न्हाय?"

"बसलं की तात्या. दोन भाकरी बसत्यात."

बिरदेवाच्या वहाणा बनाबाईनं पुसून, तेल लावून परत केल्या. नोकरी वाचली ती त्या वहाणांमुळंच, असं ती अजून येईल-जाईल त्याला सांगते. आणि ते खोटं आहे, असं काही कुंडलिकाला म्हणता येत नाही.