पूर्वीचा इतिहास : माहीत नाही

मिनिट शून्य

कालवडीच्या मानेतून सुई बाहेर आली तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. वेळ मी मोठ्यानं सांगितली. दगडाबाईंनी मान हलवली आणि दाव्याची गाठ पुन्हा ओढून पाहिली.

"आज बसनार का पळनार, डॉक्टरीणबाई?" त्यांच्या नवऱ्यानं, नानासोंनी विचारलं. ते गोठ्याच्या दारात उकिडवे बसले होते.

"अर्धा तास बसणार."

"मग चा टाकाय सांगतो. त्या दिशी तुमचा चा तसाच ऱ्हायला."

त्या दिवशी म्हणजे बारा दिवसांपूर्वी. याच गोठ्यात, याच खुंट्याला या कालवडीची आई बांधलेली होती. तिला मी हीच लस दिली आणि ती मेली.

मिनिट एक

मी डॉक्टरीण नाही. पशुधन पर्यवेक्षक आहे. लाळ्या-खुरकुताची लस घेऊन वस्त्यांवर फिरते. उंब्रजच्या आसपासच्या वस्त्या माझ्याकडे आहेत. माझं नाव श्रद्धा, पण ते इथं कुणी घेत नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "पलीकडच्या वस्तीवर दोन जनावरांच्या तोंडाला फोड आलेत. कालवडीची लस त्या दिवशी राहिली, तिला तशी ठेवता येणार नाही. लस दे, पण जागची हलू नकोस."

माझ्या खिशात अ‍ॅड्रेनालिन भरलेली सिरिंज आहे, लसीची प्रतिक्रिया आली तर लगेच द्यायला. टोपण लावलेली. मी मधूनमधून ती चाचपते.

मिनिट तीन

काही नाही.

मिनिट चार

चौथ्या मिनिटाला त्या दिवशी मी या दारातून बाहेर पडले होते.

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. या वस्तीवर नऊ घरं आहेत. प्रत्येक घरी अर्धा तास थांबलं तर डब्यातल्या बर्फाचं पाणी होतं आणि लस वाया जाते. म्हणून आम्ही शेवटच्या घरी अर्धा तास थांबतो. आधीच्या आठ घरांना फोन नंबर देतो. सगळेच असं करतात, हे मी बारा दिवसांत बऱ्याच जणांना सांगितलं. ज्यांना सांगितलं त्यांनीही मान हलवली.

दगडाबाईंचं घर पहिलं होतं.

मिनिट सात

सातव्या मिनिटाला फोन आला होता. नानासो एवढंच म्हणाले, "ती थरथराय लागलीया."

मी दुसऱ्या घरून उसाच्या बांधावरून पळत आले. पापण्या सुजून डोळे मिटले होते. तोंडाला फेस. जीभ निळसर. अ‍ॅड्रेनालिन गाडीच्या पिशवीत होतं आणि गाडी दुसऱ्या घरी. परत गेले, परत आले. दिलं. तोवर ती पडली होती.

मग तिची शेपटी जमिनीवर आपटायला लागली. शेपटीला गोंडा नव्हता. नुसता दांडा, टोकाला गाठ आलेला.

ती शेपटी मी आधी पाहिली होती.

मिनिट आठ

कालवडीच्या शेपटीला गोंडा आहे. काळा, खाली थोडा पांढरा. ती माशा हाकलते आहे.

मिनिट नऊ

नानासो चहा घेऊन आले. कपाची कड फुटली होती, ती बाजू त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि मला चांगला कप दिला.

"त्या पप्पूला परवा गाठला," ते म्हणाले. पप्पू म्हणजे ज्याच्याकडून त्यांनी गाय घेतली तो दलाल. "म्हटलं गड्या, बिल्ला का कापलास? तर म्हंतो, मामा, मी न्हाई कापला, गाय आली तवाच कानात नुसतं भोक हुतं. म्हटलं, मग ते भोक उंदरानं पाडलं का?"

"शपथ घातली त्यानं," दगडाबाई म्हणाल्या.

"पप्पूची शपथ म्हंजे काय, बाजारात रोज चार घालतो. पर एक खरं सांगितलं. गाय कडेगावची. रविराज म्हनून हाय कोन, दारात चिंच हाय त्याच्या, त्याच्याकडनं आणलेली."

चिंच आहे. मला माहीत आहे. मी त्या चिंचेखाली गाडी लावत असे.

मिनिट दहा

कान सांगायचा राहिला.

प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. बारा आकडे. ते फोनवर टाकले की जनावर कधी व्यालं, कुठली लस दिली, काय आजार झाला, सगळं दिसतं. विकताना काही जण बिल्ला कापून टाकतात, म्हणजे वय आणि वेतं लपतात. ते भोक मी त्या दिवशी पाहिलं होतं. काही विचारलं नाही. भोकाच्या वरच्या अंगाला नवा बिल्ला मारला, नवे बारा आकडे फोनवर टाकले. गाय कोरी झाली. मग लस दिली.

मिनिट बारा

तीन वर्षांपूर्वी मी कडेगाव तालुक्यात होते. मग आंतरजिल्हा बदलीनं साताऱ्यात आले. आई-वडील वाईत असतात, जवळ यायचं होतं.

रविराजच्या गोठ्यात अकरा जनावरं होती. सगळी संकरित, एकाच छापाची काळीपांढरी. लस देऊन मी हात धूत होते तेवढ्यात एका गायीच्या अंगावर गांधी उठल्या. आधी मानेवर, मग पोटावर, मग सगळीकडे, चपातीएवढ्या. डोळे सुजले. तिथं ते शेवटचं घर होतं, म्हणून मी थांबले होते. अ‍ॅड्रेनालिन लगेच दिलं. दोन तासांनी ती उठून पाणी प्यायली. पाणी पिताना शेपटी हलवत होती. रविराज हसून म्हणाला, वासरू असताना फाटकात शेपटी सापडली, तेव्हापासून माशांनी तिला ओळखलंय.

मग म्हणाला, "ताई, एवढं लिहू नका कुठं. लसीला पडणारी गाय म्हणून नाव झालं तर कुणी घेणार नाही, दावणीलाच म्हातारी होईल."

महिन्याच्या अहवालात एक रकाना असतो. लसीकरणानंतरचे प्रतिकूल परिणाम. त्यात मी 'निरंक' लिहीत असे. माझ्या आधीचे निरंक लिहीत. काही लिहिलं की बाटलीचा नंबर द्यावा लागतो, खुलासा द्यावा लागतो, डॉक्टरांना पुन्हा यावं लागतं.

मी निरंक लिहिलं. पुढच्या फेरीला रविराज म्हणाला, ती गाय पाव्हण्याकडं आहे. त्याच्या पुढच्या फेरीलाही ती पाव्हण्याकडंच होती.

मिनिट चौदा

म्हणजे बिल्ला शाबूत असता तरी. मी आकडे टाकले असते तरी. काही दिसलं नसतं.

हे इथं कुणालाच माहीत नाही. सगळे पप्पूला शिव्या देतात. मी पण एकदा मान हलवली.

मिनिट पंधरा

कालवड खाली बसली. मी उठले. दगडाबाई म्हणाल्या, "बसूं द्या. ह्या टायमाला बसतीच ती."

श्वास मोजला. ठीक होता.

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, मग फॉर्म भरला. फॉर्ममध्ये एक ओळ आहे : पूर्वी अशी प्रतिक्रिया आली होती का. त्यांनी नानासोंना विचारलं. नानासो म्हणाले, "आमाला काय म्हाईत सायेब, घेतली तवा गाभण हुती, लस दिलीच न्हाई. आन बिल्ला न्हवताच." डॉक्टरांनी लिहिलं : माहीत नाही.

मी त्यांच्या शेजारी टॉर्च धरून उभी होते.

मिनिट सतरा

दगडाबाईंना सांगायचं वाक्य मी बारा दिवस जुळवते आहे.

मावशी, तुमच्या गायीला आधीही एकदा असं झालं होतं, असं मला नंतर कळलं.

मावशी, कडेगावला तेव्हा जे कुणी होतं, त्यानं नोंद करायला हवी होती.

मावशी, ती मी.

मिनिट अठरा

"आमच्या मागं तीनशे मेंढरं असायची," दगडाबाई आपणहून बोलायला लागल्या. त्यांचं माहेर माणदेशातलं, लग्नानंतरही वीस वर्षं त्या कळपामागं चालल्या होत्या. "दिवाळी झाली का घाटाखाली जायाचं. एकाच्याबी कानात बिल्ला न्हवता. तरी दुसऱ्याच्या कळपात एखादं गेलं तर मी हिकडनं सांगायची, ते आपलं हाय."

"कसं?"

"कसं म्हंजे? तोंड असतंय की त्याला."

"मला न्हाई कळायचं," नानासो म्हणाले. "मला समदी सारखीच. हिला सुदिक मी लुगड्यावरनं वळखतो."

"आवं, तुमी गप ऱ्हावा."

मिनिट एकोणीस

मी सांगितलं.

जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी कडेगावला तुमच्या गायीला लस मीच दिली होती. तेव्हाही तिला असंच झालं होतं. वाचली. मी कुठं लिहिलं नाही. बिल्ला असता तरी मला काही दिसलं नसतं. पप्पूचा त्यात काही संबंध नाही."

हायवेवरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मिनिट वीस

नानासोंनी कप खाली ठेवला. आत काही नव्हतं तरी परत उचलला.

दगडाबाई कालवडीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमी वळखली न्हाई तिला?"

नोंद का केली नाही, याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"नाही."

"ह्या दारात उबं ऱ्हाऊन कान धरला तिचा. बिल्ला मारला. तोंडाम्होरं हुती तुमच्या."

"हो."

"मग कवा वळखली?"

"पडल्यावर. शेपटी आपटत होती तेव्हा."

"पडल्यावर," त्या म्हणाल्या. रागानं नाही. एखादा निरोप नीट ऐकला का हे पाहायला तो परत म्हणावा, तशा म्हणाल्या.

मिनिट बावीस

दगडाबाईंनी दाव्याची गाठ सैल केली, परत बांधली.

मिनिट तेवीस

मी घड्याळ पाहिलं ते नानासोंनी पाहिलं.

"जायाचं असलं तर जावा," ते म्हणाले. "फोन नंबर हाय आमच्याकडं."

मी बसून राहिले.

मिनिट चोवीस

"बाई, हिकडं बघा," दगडाबाई म्हणाल्या.

त्यांच्या हाताखाली, कालवडीच्या मानेवर, केस उभे राहिले होते. एक गोल. रुपयाएवढा. त्याच्याशेजारी अजून एक. मी हात फिरवला. कातडीखाली चपट्या गाठी होत्या आणि त्या माझ्या बोटांखालीच वाढत होत्या. पोटाकडे चार. डाव्या पापणीची कड जाड.

टोपण काढलं. अ‍ॅड्रेनालिन दिलं. मग अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन. हातांना ते ठाऊक होतं, बाकीची मी थोडी लांब होते. डॉक्टरांना फोन लावला, ते निघालो म्हणाले.

कालवड उठून उभी राहिली. खोकली. दगडाबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्याशी काही बोलल्या, मेंढरांशी बोलतात तसं, त्यात शब्द नव्हते.

मिनिट एकतीस

अर्धा तास संपला. त्या दिवशी तिची आई इथवर पोचली नव्हती.

गाठी होत्या तेवढ्याच आहेत. श्वास मोजला. पुन्हा मोजला.

मिनिट चव्वेचाळीस

मानेवरची पहिली गाठ बसली. पापणी तशीच जाड आहे, पण डोळा उघडा आहे. कालवडीनं गव्हाणीतली एक काडी उचलली, चघळली, टाकली, परत उचलली.

"खाती," नानासो म्हणाले. मग गोठ्याबाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मिनिट पन्नास

मी पिशवीतून वही आणि कोरा फॉर्म काढला.

"काय लिवताय?" दगडाबाईंनी विचारलं.

"आज जे झालं ते. आणि कडेगावचं. दोन्ही."

"निस्तं नंबर लिवनार?"

"नंबर लागतोच."

"नंबर कापत्यात." त्या कालवडीला पुढ्यात घेऊन बसल्या. "हिचं तोंड लिवा. उद्या मी नसले आन कुनी इकली, तर पुढचीला कळाया पायजे. तुमच्यासारखी कोन आली तर."

फॉर्ममध्ये तोंडासाठी रकाना नाही. शेवटी 'शेरा' आहे, दोन ओळींचा. मी तिथं सुरुवात केली. दगडाबाई सांगत गेल्या, मी कालवडीकडं बघत गेले आणि लिहीत गेले. दोन ओळी संपल्या. मग फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला.

लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं.

"कालवड, संकरित, काळी. कपाळावर पांढरं, वरून रुंद, खाली निमुळतं, नाकाआधी थांबलेलं. डावी नाकपुडी अर्धी गुलाबी. उजव्या डोळ्यावर तीन पांढरे केस, वेगवेगळे. हाक मारली तर आधी कान फिरवते, मग मान. लाळ्या-खुरकुताची लस दिल्यावर चोविसाव्या मिनिटाला अंगावर गांधी, पापणीला सूज. उपचार दिले. हिच्या आईला हीच लस दोनदा दिली, दोन्ही वेळा मीच. पहिल्यांदा, कडेगाव : गांधी, सूज, वाचली, नोंद केली नाही. दुसऱ्यांदा, इथं : मेली. गाय काळीपांढरी. शेपटीला गोंडा नाही."

"तिचं तोंड?" दगडाबाई म्हणाल्या.

मी पेन धरून बसले. अकरा गायींची दावण आठवली, चिंच आठवली, शेपटी आठवली.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"लिवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.