नको म्हटलं की नको

सुरेखाबाईंना समुद्रात उतरायचं होतं. बस्स, एवढंच. पण ते तोंडानं मागायची रीत त्यांच्या नाशिकच्या घरात नव्हती. ‘चहा घेणार?’ ‘नको.’ ‘अहो, अर्धा कप.’ ‘नको हो, आत्ताच झाला.’ ‘असं कसं!’ मग घ्यायचा, तोही भरून. जन्मभर हेच चाललं आणि कोणी उपाशी राहिलं नाही.

यजमान दिनकरराव गेल्यावर मुलगा वेदांग त्यांना तीन महिन्यांसाठी जर्मनीत, एश्बॉर्नला घेऊन आला आणि तिथं या रीतीची पार वाट लागली. पहिल्याच जेवणात सून मैथिलीनं विचारलं, “आई, पोळी वाढू अजून?” बाई म्हणाल्या, “नको गं.” मैथिलीनं डबा बंद केला. झालं! शनिवारी वेदांग म्हणाला, “फ्रँकफुर्टला चाललोय, येतेस?” “नको, मी कशाला मध्ये.” “ओके,” म्हणून तो बूट घालून मोकळा. पोरगा वाईट नव्हता हो. बारा वर्षं त्या देशात राहिल्यावर त्याला वाटायला लागलं होतं की नको म्हणणाऱ्याला खरंच नको असतं. सकाळी साडेसातला तिघं बाहेर पडत. नातू विहान “च्युस, आजी” म्हणे, म्हणजे ‘येतो’, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात चिटपाखरू नसे. आपला आवाज तरी कानावर पडावा म्हणून बाई भर दुपारी आरत्या म्हणत बसत.

जूनमध्ये गुरुवारची सुट्टी आली. वेदांगनं शुक्रवारची रजा टाकली आणि सगळे विमानानं फ्रान्सला, नीसला गेले. जुनं, ऐटबाज गाव. दोनशे वर्षांपूर्वी थंडीला वैतागलेले श्रीमंत इंग्रज इथं हवा खायला येत म्हणे. किनाऱ्यावरचा लांबलचक रस्ता अजून त्यांच्याच नावाचा. किनाऱ्याला वाळूचा कण नाही, सगळे गोल गोटे. आणि पाणी असं निळं, की बाईंनी नकळत चपला काढल्या.

“आई, येतेस पाण्यात?” वेदांगनं विचारलं.

“नको. सामानाजवळ कोणीतरी हवं. जा तुम्ही.”

“गेनाऊ, बरोबर. बॅगेत पासपोर्ट आहेत हं, उठू नकोस.” आणि गेले की तिघं! बाई थिजल्यासारख्या बघत राहिल्या. शुक्रवारी तेच. शनिवारी तर कोणी विचारलंसुद्धा नाही, बॅग सरळ त्यांच्या पुढ्यात ठेवली. तीन दिवस समुद्र पंधरा पावलांवर, आणि या आपल्या पासपोर्टांची राखण करतायत. त्यांना इतकं एकटं वाटलं, की एश्बॉर्नचं रिकामं घर परवडलं.

तेवढ्यात एका दांडग्या समुद्रपक्ष्यानं पुऱ्यांच्या डब्यावर झडप घातली. “मेल्या, हो बाजूला!” बाई ओरडल्या.

शेजारी टॉवेलवर एकटीच बसलेली मुलगी खुदकन हसली. “काकू, कुठल्या तुम्ही?”

ती ऊर्मिला, ड्रेस्डेनला पीएचडी करणारी. मैत्रिणींनी ऐनवेळी टांग दिली, म्हणून एकटीच आली होती. बॅग कोणाजवळ ठेवायची या काळजीनं तीही कोरडीच होती. बाई म्हणाल्या, “जा गं, मी आहे.” मुलगी मनसोक्त पोहून आली आणि केस पिळत म्हणाली, “आता तुम्ही जा. मी बसते.”

“नको गं.”

“असं कसं नको?”

“साडी भिजेल.”

“भिजू दे. वाळेल.”

“अगं, आमचे पासपोर्ट आहेत...”

“माझाही तुमच्याजवळ होताच की. उठा बघू!” आणि तिनं हाताला धरून उठवलंच. नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी आग्रह केला होता.

पाणी गार होतं. गोटे टोचत होते. बाई गुडघ्यापर्यंत उतरल्या आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. वेदांगनं लांबून पाहिलं आणि तो पाणी कापत धावतच आला.

“आई! बॅग?”

“एक मुलगी बसलीय. आपल्याकडचीच आहे.”

“अगं, पण तुला यायचं नव्हतं ना? तूच नको म्हणालीस.”

“म्हणाले रे. तू पुन्हा विचारायचं होतंस.”

वेदांगला खरंच काही कळलं नव्हतं. “मग आधीच सांगायचं ना, आई.”

बाईंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. “वेदांग, मला अजून थांबायचंय इथं. तू जाऊन बस बॅगेजवळ.”

“ओके,” तो म्हणाला. ना राग, ना कुरकुर. सरळ वळला आणि निघाला.

इतकं सोपं होतं. यापुढे मागतील ते मिळणार होतं, पोळीसुद्धा, फ्रँकफुर्टसुद्धा. ‘असं कसं, चल ना आई’ तेवढं मागून मिळणार नव्हतं. बाईंनी किनाऱ्याकडे पाठ केली आणि पोटभर रडून घेतलं.