पाणी आलं

ज्या वर्षी थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी बॉयलरवाल्याने आपल्या आईला बेटावरून कायमचं आपल्या घरी आणलं. आणि आल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी म्हातारीने घरातल्या सगळ्या गाद्या माळ्यावर फेकल्या.

झालं असं, की गल्लीच्या तोंडाशी राहणारी भोंगामावशी रोजच्यासारखी दारात उभी राहून ओरडली, "पाणी आलं! पाणी आलं गं बायांनो!" मावशीचं खरं नाव कोणी विचारलं नव्हतं. कारखान्याचा भोंगा बिघडला तरी हिच्या गळ्यावर गल्ली वेळेत कामाला जाईल, असं म्हणत, म्हणून ती भोंगामावशी. नळाला सकाळी घटकाभर पाणी यायचं. ते आलं की मावशी ओरडणार आणि बाया बादल्या घेऊन धावणार, हा रिवाज.

म्हातारी झोपेतून उठली ती थेट खाटेवर उभी राहिली. कपडे गुडघ्यापर्यंत खोचले. गाद्या वर, पांघरुणं वर, पिठाचा डबा फळीवर. बादली घेऊन निघालेल्या सुनेचं मनगट तिने घट्ट धरलं.

"बघतेस काय? चल वर!"

"आई, अहो वर कुठे?"

"छपरावर! शिडी कुठे आहे तुमची?"

सुनेला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिला हसू आवरेना. तिच्या हसण्याने शेजारीण आली, शेजारणीमागून मावशी आली.

"आजी, समुद्र इथून आगगाडीने दोन दिवसांवर आहे," मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "त्याला इथवर यायचं तर तिकीट काढावं लागेल!"

दार हसलं, गल्ली हसली. तेवढ्यात बॉयलरवाला रात्रपाळी करून आला. डोळ्यांच्या कडांना काजळी, हातात रिकामा डबा. काय झालं ते ऐकून तोही हसला. मग त्याने आईकडे नीट पाहिलं. ती अजून खाटेवरच होती आणि खालच्या कोरड्या फरशीकडे अशी बघत होती, की जणू तिथे फरशी नाहीच. त्याने डबा खाली ठेवला आणि तिला उतरवायला हात पुढे केला.

त्याने बेट सोडलं तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याच्या लहानपणी 'पाणी आलं' हे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी गोष्टीतल्यासारखे यायचे. कधी काळी समुद्र घरात शिरला होता म्हणे. आता दर मोठ्या भरतीला शिरत होता. विहीर खारट झाली, परसातली भाजी मिठाने पांढरी पडून गेली. बापाला किनाऱ्यावर पुरलं होतं. ती जागा आधी वाळूत गेली, मग पाण्यात. प्यायचं पाणी बोटीने पिंपांतून यायचं. हे सगळं धाकटा भाऊ फोनवर सांगायचा, आणि बॉयलरवाला "अरेरे" म्हणायचा. आईला खाटेवर उभी पाहिली तेव्हा त्याला कळलं, की ते 'अरेरे' किती लांबून म्हटलेलं होतं.

त्याच दिवशी तो मावशीकडे गेला.

"मावशी, जरा ओरडू नका सकाळी. आई घाबरते."

"मग काय करू? बायांना कळायचं कसं? कानात जाऊन सांगू?" मावशी तणतणली. पण तोंडाची फाटकी असली तरी मनाची तशी नव्हती. थोडा वेळ चूल फुंकून ती म्हणाली, "आमचा वेल्डर फोन करेल तुम्हा सगळ्यांना. दिवसभर तसाही तो फोनच कुरवाळत असतो."

वेल्डर म्हणजे मावशीचा मुलगा. तेव्हापासून गल्लीतल्या घराघरांत फोन वाजू लागला. "दादा, पाणी आलं," वेल्डर हळूच सांगायचा. बॉयलरवाला पाळीवरून येऊन झोपलेला आणि बायको शिवणाच्या कारखान्यात गेलेली असली, तर विचारायचा, "तुमच्या बादल्या भरून घेऊ का?" बॉयलरवाला डोळे न उघडता म्हणायचा, "भरून घे." वेल्डर बाहेरच्या बाहेर बादल्या भरून दारात ठेवायचा. एका म्हातारीसाठी सबंध गल्ली गप्प झाली, याचं बॉयलरवाल्याला फार बरं वाटायचं.

म्हातारी पाण्याला घाबरायची थांबली, पण आता हवा तिच्या छातीवर बसली. शहराचं आकाश म्हणजे उलट्या ठेवलेल्या कढईसारखं. चंद्र उगवला तरी गंज चढलेला. दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी करडे व्हायचे. रंगकारखान्यात ज्या रंगाचं कापड निघे, त्या रंगाचा ओढा गल्लीमागून वाहायचा. म्हातारी रोज खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायची आणि ते काळं बोट मुलाला दाखवायची.

"हे तुझं का?"

"माझं म्हणजे?"

"तुझ्या धुराड्यातलं."

"कुणास ठाऊक. इथे काय एकच धुराडं आहे?"

"आणि वर गेलेलं कुठे जातं?"

"वर म्हणजे वर. आकाशात."

"आकाश काय तुमच्या गल्लीपुरतं आहे?" म्हातारी म्हणायची आणि खोकत बसायची. बेटावर मोजमाप करणारी माणसं आली होती. मोठ्या मुलखांच्या धुराने हवा तापते, बर्फ वितळतं आणि समुद्र फुगतो, असं सांगून गेली होती. म्हातारीने ते चावून चावून लक्षात ठेवलं होतं. पण मुलाला तिने त्यावरून कधी टोचलं नाही. भट्टीत कोळसा ढकलणाऱ्या पोराच्या पगारावर दोन्ही घरं उभी होती, हे तिला कळत होतं.

डॉक्टरने तिची छाती तपासली, पाठ ठोकून पाहिली आणि सांगितलं, "यांना हवापालट हवा. समुद्रकाठी न्या थोडे दिवस."

म्हातारी इतकी हसली, की हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंस का रे? समुद्राकडे न्या म्हणतोय!"

घरी येताना मात्र ती गंभीर झाली. "मला जाऊ दे परत. इथे पाणी आहे, हवा नाही. तिथे हवा आहे, पाणी नको तेवढं आहे. मरायचंच तर मोकळ्या हवेत मरू दे."

"आई, बुडशील तिथे."

"आणि इथे काय करतेय मी? तरंगतेय?"

 आई इथे राहिली तर छातीने जाणार, तिथे गेली तर पाण्याने. कुठे ठेवायची तिला? पाळीभर बॉयलरवाला बॉयलरच्या काचेच्या नळीतली पाण्याची रेघ बघत बसायचा. त्याच्या कामात पाणी कमी होण्याचं भय होतं, चढण्याचं नव्हे, आणि मन मात्र सारखं त्या चढणाऱ्या पाण्याकडे जायचं. शेवटी वेळ मारून न्यायला त्याने धाकट्याला फोन केला.

"तू आईची खोली उंच कर. जोतं चढव. झालं की पाठवतो तिला."

"दादा, खरं सांगू? इथले बरेच जण टेकडीपलीकडे गेले. काही तर बेटच सोडून गेले. मीही म्हणत होतो की तुझ्याकडेच..."

"आई ऐकत नाही रे. तिच्या समाधानासाठी कर."

"बरं," धाकटा म्हणाला. तो असाच. लहानपणी हट्टी होता, मोठेपणी सगळ्याला 'बरं' म्हणायचा. बॉयलरवाल्याला वाटलं होतं, काम रेंगाळेल, तोवर आईचा हट्ट उतरेल. पण धाकट्याने मनावर घेतलं. दगड वाहिले, खोली उचलली. ती पाण्याकडे तोंड करून एकटी उभी राहिली. आई फोनवर छपराला बांधलेले दोर सैल आहेत का, माझी पेटी कुठे ठेवलीस, असं विचारायची आणि त्या दिवशी तिला खोकला कमी यायचा.

पावसाळा संपत आला तेव्हा शहरातला मोठा नळ फुटला. गल्लीला कित्येक दिवस पाणी नाही. बाया टँकरमागे धावून थकल्या. वेल्डर सगळ्यांना सांगून गेला, "दुरुस्ती होतेय, पाणी कधीही येईल, फोन जवळ ठेवा." त्यानंतर एक दिवस बॉयलरवाला रात्रपाळी करून मेल्यासारखा झोपला होता. आई बाहेर ओट्यावर, बायको शिवणाला. दुपारी फोन वाजला. त्याने उशाखालून तो काढून कानाला लावला.

खरखर होती. "दादा, पाणी आलं," आवाज म्हणाला. "खूप आलंय. काय करू?"

"भरून घे," बॉयलरवाला म्हणाला. "सगळं भरून घे."

"सगळं?"

"हो रे बाबा, सगळं." आणि तो कूस बदलून झोपला.

संध्याकाळी बायको आली. तिने दारातल्या बादल्या पायाने सरकवल्या, त्या कोरड्या खडखडल्या.

"वेल्डरने भरल्या नाहीत?" तो जांभई देत म्हणाला. "मी सांगितलं होतं त्याला."

"काय भरणार? पाणी आलंच नाही आज."

"आलं. मला फोन आला होता."

"अहो, वेल्डर सकाळपासून गावाला गेलाय. मावशी आत्ताच भेटली."

तो उठून बसला. फोन हातात घेतला, पण डोळ्यांसमोर धरायला त्याला वेळ लागला. मग त्याने नंबर पाहिला. तो बेटाचा होता.

त्याने लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बायको त्याच्याकडे बघत उभी होती. तिने वाकून नंबर पाहिला. तिला कळलं होतं. ती खाली बसली आणि रिकामी बादली उगाचच सरळ करत राहिली. ओट्यावरून आईचा खोकला येत होता.

पुढचे काही दिवस फोन लागला नाही. मग एका सकाळी बेटावरच्या होडीवाल्याचा आला. म्हातारी खाटेवर बसली होती, नाकावर पदर धरून.

"मी होडी त्याच्या दाराशी लावली होती रे," होडीवाला रडत होता. "म्हटलं, टाक उडी, राहू दे सगळं. तर म्हणाला, दादाशी बोललो, दादा म्हणाला सगळं भरून घे. आईची पेटी बाहेर काढली, भांडी बांधली, परत आत गेला. होडीत बायका-पोरं होती माझ्या. त्यांना टेकडीवर सोडून परत आलो, तोवर खोली गेली होती."

बॉयलरवाल्याने फोन ठेवला. म्हातारीने विचारलं, "काय म्हणतोय? सांग."

त्याने सांगितलं, होडीवाल्याने सांगितलं तसं, शब्दाला शब्द. तो फोन आपण झोपेत वेल्डरचा समजलो, हे सांगायला तो तोंड उघडणार, तोच म्हातारीने त्याचा हात धरला. 

"तू त्याला म्हणालास, सगळं भरून घे?"

"हो."

"माझी पेटीसुद्धा?"

"सगळं म्हणालो."

म्हातारी त्याच्या दंडावरून हात फिरवू लागली. "माझं सामान जाऊ नये म्हणून म्हणालास. कळतं रे मला. आणि त्यानेही ऐकलं. लहानपणी एक शब्द ऐकायचा नाही तुझा, आठवतं?"

"आई, मी..."

"नको. तू नको लावून घेऊस. थोरल्याने सांगायचं तेच सांगितलंस."

बायको चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिने मान वळवली, नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच नकारार्थी हलवली. तो गप्प बसला. त्या वेळी गप्प बसला, तो मग कायमचाच. नंतर सांगायचं म्हणजे आईचा एक मुलगा पाण्याने नेला होता, दुसरा आपणच काढून घ्यायचा, असं त्याला वाटे.

म्हातारीने परत जाण्याचं नाव टाकलं. नळ दुरुस्त झाला. बाया रांगेत उभ्या असताना ती ओट्यावर बसून त्यांना सांगायची, "धाकट्याने माझ्या, पाणी गळ्याशी आलं तरी थोरल्याचा शब्द मोडला नाही. असे भाऊ आता बघायला मिळत नाहीत." बाया मान हलवायच्या. मावशीसारखी मावशीसुद्धा डोळ्याला पदर लावायची. बॉयलरवाला त्यांच्यातच बादली लावून उभा असायचा. बादली भरून वाहायला लागायची, पाणी त्याच्या चपलांवरून जायचं, तरी त्याचं लक्ष नसायचं. मग मागची बाई म्हणायची, "दादा, झाली की."

धाकटा गेला तो पावसाळ्याच्या शेवटच्या मोठ्या भरतीला, दुपारी. त्याचं शरीर मिळालं नाही. आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात, थोरलीला मुलगी झाली त्याच आठवड्यात, सकाळी, श्वास अडकून.