वाफ्यातला पालक

आमच्या घरात ऊन येणारी खिडकी एकच, आणि तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या बायका दोन. एक मी, दुसऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या खालच्या मजल्यावर कपडे शिवतात. थंडीत खाली इतका अंधार असतो, की सुईत दोरा ओवताना त्यांच्या तोंडून जे बाहेर पडतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना त्या खिडकीत शिलाई मशीन ठेवायचं होतं आणि मला पालकाच्या कुंड्या.

"या गारठ्यात तुझा पालक कुडकुडून मरेल गं," वन्सं म्हणाल्या.

झालं. मी पडले हट्टी. "महिनाअखेर घरचा पालक ताटात वाढला नाही, तर खिडकी तुमची," असं बोलून बसले.

पालक मात्र गुणाचा निघाला. बघता बघता रोपांना चार-चार पानं फुटली. आता त्यांना बाहेर जमिनीत लावून खिडकीतल्या कुंड्यांत पुढचं बी पेरायचं होतं. अंगणात मी वाफा तयार केला होता आणि गारठा लागू नये म्हणून त्यावर जुन्या खिडकीची काच झाकण म्हणून टाकली होती.

नेमकं छान ऊन पडलं तेव्हा मी कामावर. दातांच्या दवाखान्यात मी पेशंटांची नावं पुकारते. आमच्या ह्यांना सुट्टी होती. हे घड्याळं दुरुस्त करतात. सांगितलेलं काम अगदी जीव ओतून करतात, फक्त काय सांगितलंय तिकडे लक्ष नसतं. मी फोन लावला. मागे डॉक्टरांचं मशीन कुणाच्या तरी दाढेत घुरघुरत होतं.

"अहो, ती पालकाची रोपं वाफ्यात ठेवा."

"सगळी?"

"सगळी. आणि मुळं धुऊ नका हं, मातीसकट ठेवा."

"मातीसकट?"

"मग काय! मातीतच तर सगळा जीव असतो."

"बरं. झाकण घालू?"

"काचेचं झाकण घाला. सारखं उघडून बघू नका."

"किती वेळ ठेवू?"

"किती वेळ काय विचारता? आता राहू द्या तिथेच!"

संध्याकाळी दार उघडलं तर घरभर तापलेल्या चिखलाचा वास. गॅसवर मोठं पातेलं, पातेल्यावर चाळणी, चाळणीवर काचेचं झाकण आणि शेजारी खुर्ची टाकून आमचे हे.

"एकदाही उघडलं नाही," ते अभिमानाने म्हणाले. "खालचं पाणी आटत होतं, तेवढं घालत राहिलो."

"वाफ्यात म्हटलं होतं मी! वाफ्यात!"

"अगं, वाफेतच आहेत."

मी मटकन खाली बसले. आता पुन्हा बी पेरून महिनाअखेर पालक येणार होता थोडाच? खिडकी गेली. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं. ह्यांना तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

वास खालपर्यंत गेला असणार. गळ्यात टेप अडकवलेल्या वन्सं वर आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मशीन कधी आणू वर?"

हे उठले. चाळणी ताटात उपडी केली. काळा गोळा पडला, त्यात हिरव्या चार काड्या. ह्यांनी त्यावर मीठ भुरभुरलं.

"ताई, घरचा पालक ताटात वाढायचा, एवढंच ठरलं होतं ना? हा घे, वाढला."

"हा पालक? अरे, ही माती आहे!"

"पालकाचीच आहे," हे म्हणाले आणि चमचाभर तोंडात टाकला. कचकच आवाज झाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी गडी चावत राहिला. "छान मऊ शिजलाय," म्हणत दुसरा चमचा भरला. माझा राग तिथल्या तिथे विरघळला. इतका वेडा नवरा मला मिळाला याचा मनापासून आनंद झाला.

"थुंक! थुंक आधी!" वन्संनी त्यांचा हात धरला आणि हसता हसता त्या जमिनीवरच बसल्या.

"ठेव गं बाई, खिडकी तुझी," त्या पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या. "जन्मभर हा प्रत्येक कामात माती खात आलाय. पण बायकोसाठी आज पहिल्यांदाच खाल्ली!"

मी ह्यांना चूळ भरायला पाणी दिलं.