बिनवासाचे हात

"काय गं, बादली रिकामीच?" मुकादमानं कोंबड्यांच्या शेडच्या दारातूनच विचारलं.

तिलाही नवल वाटलं होतं. रोज सकाळी आधी शेडमधून चक्कर मारायची, रात्रीतून मेलेली पिल्लं बादलीत गोळा करायची, मगच खाद्य ओतायचं. आठवडाभर बादली उतू जात होती. आज मात्र एकही नाही. सगळी पिल्लं माना खाली घालून मुकाट टिपत होती.

"बघ, खाद्यातला तुझा पाला लागू पडला!" मुकादम हसला. "उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस."

"माझा कसला? मालकांचा," ती म्हणाली. पण बरं वाटलं तिला.

गेल्या वर्षी तिची पोर, चिमणी, तापानं फणफणली होती. एकामागून एक औषधं झाली, ताप हटेना. "कुठं काम करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकून केसपेपर पुन्हा चाळला. मग म्हणाल्या, "कोंबड्यांना उठसूट हीच औषधं चारतात. जंतू निगरगट्ट होतात आणि तुमच्या हातांवरून घरी येतात. या खेपेला वाचली पोर."

या खेपेला. ते शब्द तिच्या मनातून कधी गेलेच नाहीत.

म्हणून मालकांनी खाद्यातली औषधाची पूड बंद करून लसूण, दालचिनी, पुदिन्याच्या अर्काचं खाद्य आणलं, तेव्हा सगळ्यांत हायसं तिलाच वाटलं. पोत्यांवर हिरव्या पानाचं चित्र. वास असा उग्र, की आंघोळ केली तरी हातांचा जात नसे. "आली आमची फोडणी!" म्हणत सासूबाई नाक मुरडत. चिमणी मात्र तोच तळवा नाकाशी धरून झोपे. तिचं स्वतःचं नाक त्या वासाला केव्हाच सरावलं होतं, मेलंच म्हणा ना.

दोन-तीन दिवसांपासूनची पोतीही तीच, पानही तेच. फक्त तोंडं मशीनच्या शिलाईऐवजी सुतळीनं बांधलेली. तिनं विचारलंही होतं.

"अगं, त्यांचं मशीन बिघडलंय. तू कोंबड्या सांभाळतेस की पोत्यांची तोंडं बघतेस?" मुकादम म्हणाला होता, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली होती.

संध्याकाळी तिनं चिमणीला कुशीत घेतलं. पोरीनं सवयीनं तळवा ओढून नाकाशी धरला. हुंगला. उलटा करून पुन्हा हुंगला. मग दुसरा.

"काय गं बयो?"

"हा हात तुझा नाही," म्हणत चिमणीनं तोंड फिरवलं.

"खुळी कुठली! मग कोणाचा?"

"खरंच की," सासूबाई हसल्या. "आज तू आलेली कळलंच नाही मला!"

तिचं हसू ओठांवरच राहिलं. सुतळी. रिकामी बादली. एकाएकी शहाणी झालेली पिल्लं. पोत्यावर पान होतं, आतल्या खाद्यात जुनीच पूड होती. ती तिनंच ओंजळीनं कालवली होती.

तिनं पोरीला अलगद उचलून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"आई, धरा हिला."

"अगं, आत्ताच तर घेतलीस!"

"मी म्हणेपर्यंत सोडू नका."

मोरीत जाऊन तिनं नळ सोडला. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, पार कोपरापर्यंत साबण चोळला. पुन्हा चोळला. बाहेर चिमणी रडकुंडीला आली होती, "आई, ये ना गं! तुझाच हात, तुझाच!"

तिनं हात नाकाशी नेले. जंतू धुऊन गेले की राहिले, हे सांगायला हातांना साबणाखेरीज कसलाच वास नव्हता. तिनं परत साबण घेतला.